मॉन्टेसरी, कोसबाड आणि आपल्या अंगणवाड्या: हे सगळं आलं कुठून

नाशकात ॲडमिशनचा सीझन आला की गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा कुठेही जा, लहान मुलांच्या मॉन्टेसरी शाळेची पाटी दिसतेच, आणि बऱ्याच पालकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की हे काहीतरी फॉरेनचं, महागडं, पैसेवाल्यांच्या पोरांसाठीचं शिक्षण आहे. मला हे फार खटकतं, कारण याची सुरुवातच मुळात गरिबांच्या वस्तीत झालीये.

६ जानेवारी १९०७, रोममधली सान लोरेन्झो वस्ती. आईबाप दिवसभर कामावर, लहान पोरं चाळीत मोकाट, जिने नि भिंती खराब करायची, म्हणून इमारतवाल्यांना ती एका खोलीत सांभाळायला कुणीतरी हवं होतं. ते काम मारिया मॉन्टेसरींकडे आलं. बाई पेशाने डॉक्टर, त्याआधी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसोबत काम केलेलं, त्यामुळे शिकवायच्या आधी नीट बघायची सवय होती. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळे आपापल्या खाचेत बसवत होती, आजूबाजूला गोंगाट, गाणी, तरी तिने तेच काम ४० पेक्षा जास्त वेळा केलं. एकदा कपाटाला कुलूप लावायचं राहून गेलं तर मुलांनी हवं ते साहित्य स्वतःच काढून काम सुरू केलं, मग बुटकी उघडी कपाटं आली, मुलाला उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या आल्या. हात धुणं, बटणं लावणं, जेवण वाढणं हाच अभ्यास. मूल तांब्यातून पेल्यात पाणी ओततं, सांडलं तर त्याचं त्यालाच दिसतं, फडकं घेऊन तेच पुसतं, मोठ्यांनी ओरडायचा प्रश्नच येत नाही. मला तर सगळ्या पद्धतीचं मर्म इथेच वाटतं.

आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला मॉन्टेसरींच्या विचाराने बालमंदिर काढलं, १९२३ मध्ये शिक्षिका ताराबाई मोडक तिथे कामाला गेल्या, १९२६ ला बालशिक्षणाचा प्रसार करणारा नूतन बाल शिक्षण संघ झाला. स्वतः मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या, पण युद्धात इटली उतरल्यावर शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून इथेच अडकल्या, तरी त्या काळात त्यांच्या हाताखाली हजारावर शिक्षक तयार झाले.

पण खरं काम केलं ताराबाईंनी. १९४५ ला आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ (या अनुताई आधी आपल्या चांदवडला शिक्षिका होत्या, हे नाशिककरांना माहीत असायला पाहिजे), आणि १९५७ पासून तिथल्याच कोसबाडच्या टेकडीवर. पाडे वारली आदिवासींचे, पोरं शाळेत येतच नव्हती कारण कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन, कुणी गुरांमागे. मग या बायाच पाड्यावर गेल्या, कुणाच्या तरी अंगणात पोरं जमवली, आधी त्यांना आंघोळ घालायची, नखं कापायची, मग गाणी, मग बाकीचं. महागडं लाकडी साहित्य परवडणार कुठून, तर बिया, शिंपले, खडे, पानं घेऊन मोजणं आणि वर्गवारी सुरू. भावंडांसाठी बालवाडीला जोडूनच पाळणाघर, आणि गुराख्यांसाठी थेट कुरणातच शाळा, तिला कुरणशाळाच म्हणायचे.

अंगणवाडीची कल्पना आली ती या अंगणातून. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली, आपल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरही. पण योजनेत पोषण, लसीकरण, वजनं, सर्व्हे हे सगळं एकाच सेविकेच्या गळ्यात पडलं, ते गरजेचं आहेच, त्याबद्दल वाद नाही, पण मुलांसोबत खाली बसून बिया मोजायला तिच्याकडे वेळ उरत नाही. शहरातल्या मॉन्टेसऱ्यांची चर्चा आपण खूप करतो, माझं स्पष्ट म्हणणं आहे की पहिली मागणी या सेविकेसाठी करायला हवी: रजिस्टरं कमी करा, ट्रेनिंग नीट द्या, आणि सकाळचे दोन तास तिला फक्त मुलांसाठी मोकळे ठेवा.