हिल ऑफ ग्रेस

दक्षिण ऑस्ट्रेलियातील ईडन व्हॅलीत, एकाच जुन्या द्राक्षबागेतील शिराझ द्राक्षांपासून तयार होणारी लाल वाइन. हेन्श्की हे वाइन उत्पादक कुटुंब ती बनवते. बागेसमोरच्या ग्नाडेनबर्ग (जर्मनमध्ये ‘कृपेची टेकडी’) या ल्यूथरन चर्चवरून हे नाव पडले. बाग मात्र टेकडीवर नसून समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीच्या उथळ खोऱ्यात आहे.

या वाइनचे खरे भांडवल म्हणजे तिचे वेल. सर्वांत जुने वेल सुमारे १८६० मध्ये लावलेले असून त्या भागाला ‘ग्रँडफादर्स’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने युरोपातील बहुतेक बागा उद्ध्वस्त केल्या. तेथे त्यानंतर प्रतिकारक्षम अमेरिकी खुंटांवर कलमे करूनच द्राक्ष घ्यावे लागले. १८७७ मध्ये ही कीड ऑस्ट्रेलियातील जिलाँगजवळही आढळली. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने मात्र कडक निर्बंध घालून तिला बाहेरच रोखले. म्हणूनच येथील वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. ही बाग सिंचनावर पोसलेली नाही. जुना वेल फळ कमी धरतो. अशा वेलाच्या वाइनमध्ये रंग, चव आणि टॅनिन (तुरटपणा देणारे घटक) यांची घनता जास्त असते, असे जाणकार मानतात. पण निव्वळ वयाने वाइन थोर होत नाही. माती, उंचीवरच्या थंड रात्री आणि छाटणी करणाऱ्याचा हात यांचाही त्यात वाटा असतो. १९८० च्या दशकापासून या कुटुंबातील वेलतज्ज्ञ प्रू हेन्श्की यांनी उत्तम वेल हेरून त्यांच्या काड्यांपासून नवी लागवड वाढवली.

ऑस्ट्रेलियात गोड, मद्यार्क मिसळून तीव्र केलेल्या वाइनचा जोर होता, त्या काळात सिरिल हेन्श्की यांनी या बागेची द्राक्षे इतरांत न मिसळता १९५८ च्या हंगामाची वाइन वेगळी बाटलीबंद केली. तोच हिल ऑफ ग्रेसचा पहिला हंगाम. त्याआधी १९५२ मध्ये त्यांनी माउंट एडेलस्टोन या दुसऱ्या बागेबाबत हाच प्रयोग केला होता. १९७९ मध्ये सिरिल यांचे निधन झाल्यावर सूत्रे त्यांचे पुत्र स्टीफन हेन्श्की यांच्याकडे आली. मनासारखे पीक नसेल त्या वर्षी ही वाइन काढलीच जात नाही. २००० हे असेच एक वर्ष. उत्पादन आधीच थोडे, त्यात असे खाडे, त्यामुळे संग्राहकांची चढाओढ स्वाभाविकच आहे. लँग्टन्स या ऑस्ट्रेलियन वाइन-लिलाव संस्थेच्या, लिलावातील कामगिरीवर आधारलेल्या वर्गीकरणात तिला सर्वोच्च श्रेणी आहे.

ओकच्या पिंपांत मुरून बाटलीत गेल्यावरही ती अनेक दशके बदलत राहते. टॅनिनचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन तोंडातील तुरटपणा मऊ होतो, जांभळट लाल रंग विटकरी होत जातो, ताज्या काळ्या फळांच्या वासाला मिरी, चामडे, ओल्या मातीच्या छटा येतात. तळाशी गाळही बसतो. तो बाटलीतच राहावा म्हणून जुनी वाइन हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओततात. हे सारे १२ ते १५ अंश सेल्सिअसच्या स्थिर तापमानात आणि अंधारात ठेवलेल्या बाटलीबाबत खरे. म्हणून जुनी बाटली घेताना हंगामाच्या वर्षाइतकीच ती कुठे, कशी ठेवली होती याचीही चौकशी केली जाते. बूच खराब होऊन वाइन बिघडण्याचा धोका टाळण्यासाठी अलीकडच्या हंगामांना स्क्रूकॅप किंवा काचेचे झाकण वापरले गेले आहे.