रनिंग बॅकचं अपंगत्व-वेतन: अर्ज नेमका कुठे अडतो

मायकेल क्लाउड १९९९ पासून आठ सीझन एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) म्हणून खेळला. चीफ्स, पेट्रियट्स, जायंट्स असे तीन संघ. डोक्याला वारंवार मार बसला होता. २०१४ मध्ये त्याचं अपंगत्व 'पूर्ण व कायमचं' म्हणून मान्य झालं, पण त्याला खालच्या श्रेणीत टाकलं गेलं. त्याच्या प्रकरणात वरच्या श्रेणीत वर्षाला सुमारे २,६५,००० डॉलर होते, त्याच्या श्रेणीत सुमारे १,३५,०००. या निर्णयावर अपील करायला १८० दिवस होते. त्या मुदतीत अपील झालं नाही. २०१६ मध्ये त्याने श्रेणी बदलून मागितली आणि तिथून हरत, जिंकत, पुन्हा हरत प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. हा लेख त्या १८० दिवसांसाठी आहे, कारण अमेरिकन फुटबॉलमधल्या निवृत्तीच्या लाभांबद्दल लिहिणारे रकमा सांगतात आणि मुदती सांगायच्या राहून जातात.

आधी पात्रता. पेन्शनचा हक्क पक्का व्हायला ३ 'क्रेडिटेड' सीझन लागतात. एका सीझनमध्ये किमान ३ नियमित सामन्यांपुरता खेळाडू पूर्ण पगारावर असला, की तो सीझन धरला जातो. मैदानात उतरलाच पाहिजे असं नाही; जखमींच्या यादीत असला तरी चालतं. सराव-पथकातले (मुख्य संघाबाहेर फक्त सरावासाठी ठेवलेल्या खेळाडूंचे) आठवडे मात्र या ३ सामन्यांत धरत नाहीत. खेळाडू संघटनेच्या नावाने रनिंग बॅकच्या सरासरी कारकिर्दीचा आकडा २.५७ वर्षं असा दिला जातो. चेंडू घेऊन थेट अंगावर येणाऱ्या माणसांमध्ये घुसणं हेच ज्याचं काम, त्याचं शरीर त्याहून जास्त टिकावं कसं? पण त्यामुळे या जागेवरच्या बऱ्याच जणांची कारकीर्द तिसऱ्या सीझनच्या उंबरठ्यावरच संपते, आणि एकेका आठवड्याला किंमत येते.

इथे मोठा घोळ होतो तो दोन मोजण्यांचा. कराराच्या स्वातंत्र्यासाठी, म्हणजे खेळाडूला दुसऱ्या संघाशी करार करता यावा यासाठी, 'अक्रूड' सीझन मोजतात आणि त्याला ६ सामने लागतात. एजंट बोलताना बहुधा हेच सीझन मोजतो. 'माझे दोनच झाले' असं समजून पेन्शनकडे फिरकायचंच नाही, असं करू नका. ३ सामन्यांच्या हिशेबाने तिसरा सीझन भरलेला असू शकतो. आपली नोंद हे लाभ देणाऱ्या योजनेच्या कार्यालयाकडून लेखी मागवावी. तोंडी आकड्यावर विसंबू नये.

जखमी खेळाडूला सोडताना संघ काही आठवड्यांचे पैसे देऊन विषय मिटवतो. सही करण्याआधी ते पैसे किती सामन्यांचे आहेत ते पाहा. दोन आणि तीन यांतला फरक त्या दिवशी किरकोळ वाटतो, पण सीझन धरायचा की नाही ते त्यावर ठरतं. यादीचं नावही वाचा. रनिंग बॅक मार्कस लॅटिमोर २०१३ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची प्रक्रिया) चौथ्या फेरीत फोर्टीनाइनर्स संघाकडे गेला. कॉलेजात गुडघा मोडला होता म्हणून त्याला 'फुटबॉलेतर दुखापत' यादीत ठेवलं, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये एकही सामना न खेळता तो निवृत्त झाला. दुखापत फुटबॉलच्याच मैदानावर झालेली, पण व्यावसायिक कराराआधीची म्हणून यादी वेगळी. तरुण मुलांना हे कुणीतरी सही करण्याआधी समजावून सांगायला हवं.

आता अपंगत्वाचे दोन मुख्य मार्ग. पहिला 'लाइन ऑफ ड्यूटी', म्हणजे खेळताना झालेली मोठी हानी. याला ३ सीझनची अट नाही, पण मुदत आहे: खेळणं थांबल्यापासून ४८ महिने, पेन्शनचा हक्क पक्का झालेल्यांना क्रेडिटेड सीझनइतकी वर्षं, यांपैकी जे जास्त असेल ते. बहुतेक रनिंग बॅकसाठी ४८ महिनेच. ते कधी सुरू झाले हे कुणी कळवत नाही. संघ सोडतो, दुसरा संघ बोलवेल म्हणून माणूस व्यायाम करत राहतो, दोन उन्हाळे जातात, आणि घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू असतं. निवृत्ती जाहीर केली नाही म्हणून मुदत सुरू झाली नाही, हा समज घातक आहे.

दुसरा मार्ग 'पूर्ण व कायमचं' अपंगत्व. यातली सर्वांत वरची श्रेणी 'अ‍ॅक्टिव्ह फुटबॉल'. ती हवी असेल तर हानी खेळत असताना झालेली असावी लागते आणि माणूस त्यानंतर 'लवकरच' कामाला असमर्थ व्हावा लागतो. क्लाउडच्या प्रकरणात लागू असलेल्या नियमांनुसार ६ महिन्यांच्या आत ते निश्चित 'लवकर', १२ महिन्यांनंतर निश्चित नाही. डोक्याची इजा कॅलेंडर बघून वाढत नाही. स्मरण, चिडचिड, झोप हे सगळं वर्षानुवर्षं बिघडत जातं. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. पण अर्ज त्याच नियमाने तपासला जातो, म्हणून त्या काळातला प्रत्येक कागद महत्त्वाचा.

कागद म्हणजे संघाच्या डॉक्टरांच्या नोंदी. नेमक्या याच कुणाकडे नसतात. 'घेरी आली' म्हणून बाकावर बसलो आणि पुढच्या खेळीला परत गेलो, याची चिठ्ठी कोण ठेवतो? खेळाडूला आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा आणि प्रती मागण्याचा हक्क आहे. तो खेळत असतानाच वापरावा, प्रत्येक संघ सोडताना वापरावा. सीझनच्या शेवटच्या तपासणीत जागा जाईल या भीतीने दुखणी लपवतात, तीही लपवू नयेत. त्या कागदावर 'ठीक आहे' असं लिहिलं गेलं की तेच वाक्य पुढे विरोधात वाचलं जातं. ओळखपत्र, करार, करविवरण या बाकीच्या गोष्टी सहज जमतात.

अर्जानंतर योजनेने नेमलेल्या तटस्थ डॉक्टरकडे जावं लागतं. ती भेट चुकवू नका, त्यावरूनही अर्ज फेटाळतात. या डॉक्टरांच्या तटस्थतेबद्दलच २०२३ मध्ये माजी खेळाडूंनी बाल्टिमोरच्या संघीय न्यायालयात दावा लावला; त्यांत विलिस मॅकगेही आणि चार्ल्स सिम्स हे दोन रनिंग बॅक होते.

नकार आला तर अपील, तेही १८० दिवसांत. नवा अर्ज नाही, 'पुढच्या वर्षी बघू' नाही. क्लाउडने श्रेणी बदलून मागितली तेव्हा त्याच्यावर 'परिस्थिती बदलली' हे स्पष्ट पुराव्याने सिद्ध करण्याची अट आली. साध्या अपिलात ती नसते. २०२२ मध्ये डॅलसच्या न्यायाधीश कॅरेन शोलर यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. निर्णय घेणाऱ्या सहा जणांच्या मंडळात तिघे लीगचे आणि तिघे खेळाडू संघटनेचे. हे सदस्य सगळी कागदपत्रं न वाचता इतरांनी काढलेल्या सारांशावर निर्णय देत होते, हे त्या सुनावणीत उघड झालं. माणसाच्या आयुष्याची फाइल अशी हाताळणं अक्षम्य आहे. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने, म्हणजे त्या भागाच्या वरच्या संघीय न्यायालयाने, निकाल फिरवला. मंडळाच्या कारभारावर न्यायालयाने ताशेरे ओढले, पण बदललेली परिस्थिती दाखवता आली नाही आणि २०१४ च्या निर्णयावर वेळेत अपील नव्हतं, तिथे इलाज उरला नाही.

नकाराचं पत्र मिळालं त्या दिवसाची तारीख पाकिटावरच लिहा. ज्याचा अर्ज आहे त्याच्या स्मरणाचीच तक्रार असेल, तर ही तारीख पत्नीने किंवा भावाने सांभाळावी. वकील पहिल्याच महिन्यात गाठावा, कारण फाइलची पूर्ण प्रत मागवून हातात पडेपर्यंत बरेच दिवस जातात आणि ते त्या १८० मध्येच मोजले जातात.