जुन्या वाहनांतील हॅझर्ड दिवे आणि ब्रेकचे दिवे

वाहनाचे चारही इंडिकेटर एकाच वेळी लुकलुकू लागले की त्यांना हॅझर्ड दिवे म्हणतात. पुण्यात बोलताना 'पार्किंग लाइट' हे नाव जास्त चालते. हे दिवे चालू असताना ब्रेक दाबला, तर मागून येणाऱ्याला काय दिसते? जुन्या गाड्यांत याचे उत्तर एकसारखे नाही. काही गाड्यांत लुकलुक थांबून मागचे दिवे नुसते लाल पेटून राहतात, काहींत ब्रेकचा दिवा लागतच नाही, तर काहींत दोन्ही खुणा वेगवेगळ्या आणि स्वच्छ दिसतात. लाल काचेमागे किती फिलामेंट (बल्बमधल्या पेटणाऱ्या तारा) आहेत आणि त्यांची वायर कुठून फिरून आली आहे, यावर ते ठरते.

एकाच फिलामेंटकडून दोन कामे करून घेतली की गोंधळ सुरू होतो. जुन्या अमेरिकन मोटारींत मागचा इंडिकेटर लाल असे आणि ब्रेकसाठीही तोच बल्ब वापरला जाई. ब्रेकची वायर बल्बकडे थेट न जाता स्टीअरिंगखालच्या इंडिकेटर स्विचमधून जाते. डावा इंडिकेटर दिला की स्विच डावा बल्ब ब्रेकपासून तोडून फ्लॅशरला, म्हणजे लुकलुक घडवणाऱ्या डबीला जोडतो, आणि ब्रेक दाखवायला उजवा बल्ब उरतो. हॅझर्डमध्ये मात्र दोन्ही बाजू लुकलुकण्यात गुंततात. काही गाड्यांत त्या वेळी ब्रेकचा आणि फ्लॅशरचा प्रवाह एकाच बल्बला पोचतो. मग पाय ब्रेकवर असेपर्यंत फ्लॅशरचा प्रवाह तुटला तरी बल्ब विझत नाही. हाच प्रवाह उलटा फिरून पुढचे इंडिकेटरही पेटते ठेवू शकतो. दुसऱ्या तऱ्हेच्या जोडणीत हॅझर्डचा स्विच ब्रेकची वायरच सोडवतो, आणि पाय कितीही दाबला तरी मागे फक्त लुकलुक दिसते. माझ्या मते या दोहोंत दुसरी तऱ्हा जास्त धोक्याची. पहिल्या तऱ्हेत निदान लाल दिवा तरी लागतो. अमेरिकेत 1986च्या मॉडेलांपासून मोटारींना मागे उंचावर तिसरा ब्रेक दिवा सक्तीचा झाला. तो सहसा थेट ब्रेक स्विचवर चालतो, म्हणून हॅझर्ड चालू असतानाही पेटून राहतो.

1950च्या दशकातल्या एमजीएसारख्या ब्रिटिश मोटारींत मागचा बल्ब ब्रेकपासून तोडून फ्लॅशरला जोडण्याचे काम लुकास कंपनीचा डीबी-10 हा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, करी. त्या काळी या गाड्यांना हॅझर्ड नव्हते. आज कोणी हौसेने वेगळा स्विच बसवून रिलेच्या दोन्ही बाजू एकदम चालू केल्या, तर मागचे दोन्ही बल्ब फ्लॅशरकडे जातात आणि ब्रेकचा दिवा पूर्ण नाहीसा होतो. जुनी मोटार जपणाऱ्याने असा स्विच बसवण्याआधी वायरिंगचा नकाशा पाहायलाच हवा.

मारुती 800सारख्या नंतरच्या गाड्यांत मागचा इंडिकेटर पिवळा आणि स्वतंत्र असतो. त्यात 21 वॅटचा एका फिलामेंटचा बल्ब. शेजारच्या लाल काचेमागे दोन फिलामेंटचा बल्ब : 5 वॅट रात्रीच्या टेल दिव्यासाठी, 21 वॅट ब्रेकसाठी. कागदावर इथे भांडण नाही. पिवळा लुकलुकतो, लाल स्थिर राहतो. तरीही 'ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो' ही तक्रार जुन्या गाड्यांच्या गॅरेजांत नेहमीची आहे, आणि त्यामागे बहुतेक वेळा 'अर्थ' (अर्थिंग), म्हणजे प्रवाह गाडीच्या बॉडीकडे परत नेणारी जोडणी असते. त्या दिव्यातले सगळे बल्ब एकाच अर्थवर असतात. पावसाळ्यांमागून पावसाळे गेले की होल्डरच्या पत्र्यावर गंज चढतो, तांब्याच्या वायरीच्या टोकाला हिरवट बुरा येतो आणि अर्थ सुटते. ब्रेकच्या प्रवाहाला बॉडीकडे जायची वाट मिळाली नाही, की तो शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून वाट काढतो. दोन्ही दिवे मंद पेटतात. हॅझर्ड चालू असेल तर आणखी विचित्र होते : इंडिकेटरला वीज मिळते त्या क्षणी दोन्ही फिलामेंटच्या टोकांवर विजेचा सारखाच दाब येतो, आणि ब्रेकचा लाल दिवा जवळजवळ विझतो. म्हणजे ब्रेकही लुकलुकू लागतो, तोही मंद.

यावर उपाय स्वस्त आहे. जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन नवा बल्ब मागवण्याआधी वायरीचा एक तुकडा घेतो, एक टोक होल्डरला आणि दुसरे बॉडीच्या उघड्या लोखंडाला टेकवतो. टेकवताच लाल दिवा भक्कन पेटला, की दोष सापडला. मग पॉलिश पेपरने पत्रा घासायचा, नवी अर्थ ओढायची. नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला निघालेल्याने हे आधी करून पाहावे. बल्ब बहुतेकदा चांगलाच निघतो. होल्डर झिजला असेल तर मात्र तो बदलायला हवा. दोन फिलामेंटच्या बल्बच्या खिळ्या मुद्दाम वर-खाली असतात, पण सैल होल्डरमध्ये तो उलटाही बसतो. मग रात्री टेल दिवा 21 वॅटने झगझगतो आणि ब्रेकच्या 5 वॅटची भर कोणाला जाणवतही नाही.

जुना फ्लॅशर दोन धातूंच्या, तापून वाकणाऱ्या पट्टीचा असतो आणि बल्ब ओढतात त्या प्रवाहावर चालतो. हॅझर्डचे चार बल्ब मिळून 84 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर सुमारे 7 अँपिअर. त्यात ब्रेकचे दोन बल्ब म्हणजे आणखी साडेतीन. बॅटरी थकली असेल तर ब्रेक दाबताच लुकलुक रेंगाळते.

पुण्याकडे हे सारे सर्वांत महत्त्वाचे ठरते ते कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर आणि सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटात. पावसात किंवा बोगद्यात शिरताच चालत्या गाडीचे हॅझर्ड लावण्याची सवय इथे पक्की झाली आहे. ती सोडलीच पाहिजे. उभ्या, बंद पडलेल्या गाडीची खूण चालत्या गाडीने दाखवली की लेन बदलण्याचा इशारा बुडतो, आणि जुन्या जोडणीत ब्रेकही बुडू शकतो. फिलामेंटचा बल्ब एलईडीपेक्षा सुमारे 0.2 सेकंद उशिरा पूर्ण पेटतो. ताशी 80 किलोमीटरला मागची गाडी तेवढ्यात चार मीटरहून अधिक पुढे आलेली असते.

तपासणीला हत्यार लागत नाही. अंधार पडल्यावर गाडी सोसायटीच्या भिंतीकडे पाठ करून उभी करावी. आधी टेल दिवे लावावेत, मग हॅझर्ड, मग ब्रेक दाबून धरावा आणि आरशात पाहावे. पिवळ्या दिव्यांची गाडी असेल तर भिंतीवरचा लाल उजेड वाढून स्थिर राहायला हवा. तो पिवळ्याच्या तालावर हलला, तर त्या बाजूची अर्थ सकाळी आधी पाहावी.