विमानातली हवा बाहेर कुठून जाते?

विमानप्रवासाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: 'आत सगळी कोंडलेली हवा असते, तीच ती हवा सगळे श्वासात घेतात.' करोनाच्या काळात ही भीती फारच वाढली होती. खिडक्या उघडत नाहीत, दारं घट्ट बंद आणि आत दीड-दोनशे माणसं, तेव्हा असं वाटणं साहजिक आहे. पण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. उडत्या विमानात बाहेरची हवा सतत आत येत असते आणि आतली सतत बाहेर जात असते. केबिनला मिळणाऱ्या हवेपैकी साधारण निम्मी थेट बाहेरची असते आणि बाकीची बारीक फिल्टरमधून गाळून पुन्हा आत सोडलेली. दोन-तीन मिनिटांत केबिनमधली हवा एकदा पूर्ण बदलून होते. आपली बहुतेक ऑफिसं आणि शाळेचे वर्ग याच्या जवळपासही येत नाहीत.

ही हवा आत आणायला अवाढव्य, तापलेली, घोंघावणारी यंत्रं लागतात. केबिनमधला दाब मात्र ठरतो तो शेपटीकडे असलेल्या, हवा बाहेर सोडणाऱ्या एका झडपेवर. तिचं नाव आउटफ्लो व्हॉल्व्ह. विमानाच्या सगळ्या यंत्रणांमध्ये मला ही झडप सर्वांत विलक्षण वाटते, आणि प्रवाशांना तिची काहीच कल्पना नसते याचं वाईटही वाटतं.

आधी बाहेर काय परिस्थिती असते ते पाहू. 36,000 फुटांवर, म्हणजे सुमारे 11 किलोमीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पावपटीपेक्षाही कमी असतो आणि तापमान उणे 55 अंशांच्या आसपास. एवढ्या विरळ हवेत माणसाची शुद्ध अर्धा ते एक मिनिट टिकते. म्हणून आतला दाब वाढवून ठेवावा लागतो. तरीही आत समुद्रसपाटीइतका दाब ठेवत नाहीत. नियमाप्रमाणे नेहमीच्या उड्डाणात केबिनमधली परिस्थिती 8,000 फूट उंचीच्या डोंगरावर असते त्यापेक्षा विरळ होता कामा नये. आपलं कळसूबाई 5,400 फूट आहे. म्हणजे मुंबई-दिल्ली प्रवासात शरीर कळसूबाईच्या शिखराहूनही बरंच वर बसलेलं असू शकतं, आणि कान व घशाला ते कळतंही.

पूर्ण दाब न देण्याचं कारण विमानाच्या सांगाड्यात आहे. आत 8,000 फुटांचा दाब आणि बाहेर 36,000 फुटांचा, एवढ्या फरकामुळे विमानाच्या भिंतीवर दर चौरस मीटरला पाच टनांहून जास्त जोर येतो. प्रत्येक उड्डाणात विमान थोडं फुगतं आणि उतरताना पुन्हा मूळ आकाराला येतं. असं हजारो वेळा होत राहिलं की धातू थकतो. 1954 मध्ये ब्रिटिश बनावटीची दोन कॉमेट विमानं हवेतच फुटली, ती याच थकव्यामुळे. तेव्हापासून आतला दाब किती ठेवायचा हा हिशेब प्रवाशाच्या फुप्फुसांइतकाच धातूच्या आयुष्याचाही झाला.

आता हवा आत येते कशी? जेट इंजिनाच्या पुढच्या भागात कॉम्प्रेसर असतो. एकामागोमाग एक पात्यांच्या चकत्या हवेला दाबत नेतात आणि ती दाबलेली हवा पुढे इंधनाबरोबर जळते. जळण्याआधीच त्यातली थोडी हवा बाजूला काढून घेतात. तिला ब्लीड एअर म्हणतात. दाबल्यामुळे ती एवढी तापलेली असते की थंड करून विमानाच्या नळ्यांत सोडल्यावरही तिचं तापमान 200 अंशांच्या आसपास असतं. पंखांच्या पुढच्या कडांवर बर्फ साचू नये म्हणून हीच हवा तिथे खेळवतात. पाण्याच्या टाकीला दाब देण्याचं कामही तीच करते. एक इंजिन सुरू झालं की त्याच्याच हवेवर दुसरं इंजिन सुरू करता येतं.

या शेवटच्या गोष्टीचा पुरावा प्रवाशाला कानांनी मिळतो. विमान गेटवरून मागे सरकू लागलं की छतातून येणारी हवेची सूं-सूं अचानक थांबते. केबिन क्षणभर चमत्कारिक शांत होते, उकडायलाही लागतं. शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनाची दाबलेली हवा तेव्हा एसीऐवजी मुख्य इंजिन फिरवायला वळवलेली असते. इंजिनं सुरू झाली की सूं-सूं परत येते.

केबिनकडे जाणारी हवा पॅक नावाच्या यंत्रात जाते. विमानाच्या पोटाखाली, पंखांच्या मुळाशी असे साधारण दोन पॅक असतात. यातली युक्ती फार सुंदर आहे. तापलेली हवा आधी बाहेरच्या थंड वाऱ्यानं निववतात, मग आणखी दाबतात, पुन्हा निववतात आणि शेवटी एका छोट्या टर्बाइनमधून झटकन प्रसरण पावू देतात. प्रसरण पावताना हवा टर्बाइन फिरवते, त्यात तिची ऊर्जा खर्च होते आणि ती एकदम गार पडते. टर्बाइनला मिळालेली ताकद त्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरला फिरवते. घरच्या एसीसारखा वेगळा गॅस यात कुठेच नाही. जी हवा गार करायची, तीच गारवा तयार करते. जुलैत मुंबईला विमानात चढताना छताच्या फटींतून पांढरे लोट उतरताना दिसतात आणि एखादा नवखा प्रवासी धूर समजून घाबरतो. पॅकमधून आलेल्या गार हवेनं उघड्या दारातून शिरलेल्या दमट हवेतली वाफ थंड होऊन झालेलं ते धुकं असतं.

ही झाली आत येण्याची वाट. पॅक साधारण एका ठरावीक प्रमाणात हवा ढकलत राहतात. मग दाब कमी-जास्त कसा करायचा? नळ सतत चालू असलेल्या टाकीतली पातळी आपण तळाचं बूच कमी-जास्त उघडून राखू शकतो, तसंच इथे होतं. आउटफ्लो व्हॉल्व्ह थोडा मिटला की आत हवा साठते आणि दाब वाढतो. थोडा उघडला की दाब उतरतो.

एअरबस ए320 विमानात ही झडप उजव्या अंगाला, शेपटीकडे, पोटाच्या जरा वर असते. विमान जमिनीवर असताना ती सताड उघडी असते आणि टर्मिनलच्या काचेतून नीट पाहिलं तर दोन पातळ पाळ्यांमधली काळी खाच दिसते. तिला तीन स्वतंत्र मोटरी आहेत. दोन मोटरी दोन वेगवेगळे संगणक चालवतात, तिसरी वैमानिकाच्या हाताच्या बटणासाठी. दोन संगणकांपैकी एका वेळी एकच काम करतो आणि विमान उतरल्यावर पुढच्या उड्डाणाची सूत्रं दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे राखीव संगणक वर्षानुवर्षं न वापरता पडून राहत नाही आणि त्यातला दोष लवकर उघडकीला येतो. ही कल्पना मला फार आवडते.

झडपेचं काम धावपट्टीवरच सुरू होतं. वैमानिक उड्डाणासाठी इंजिनांची ताकद वाढवतो तेव्हा झडप जरा मिटते आणि केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वाढतो. असं न केलं तर नाक वर उचलताना पोटाखाली बदलणारा वाऱ्याचा दाब झडपेतून आत शिरून सगळ्यांच्या कानांवर आदळेल. मग विमान मिनिटाला दोन-तीन हजार फूट चढत असलं, तरी केबिन मिनिटाला साधारण पाचशे फुटांच्या बेतानं 'चढते'. उतरताना वेग त्याहूनही कमी ठेवतात. कानाच्या पडद्यामागची हवा घशात उघडणाऱ्या बारीक नळीतून बाहेर सहज पडते, पण परत आत शिरायला नळी उघडावी लागते. म्हणून चढताना कान फारसे दुखत नाहीत, उतरताना दुखतात, आणि आवंढा गिळला की बरं वाटतं.

झडप अडकली तर? त्यासाठी वेगळ्या निव्वळ यांत्रिक झडपा असतात. आतला दाब मर्यादेबाहेर गेला की त्या आपोआप उघडतात. विमान वेगानं खाली आलं आणि बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला, तर आणखी एक झडप आतल्या बाजूला उघडते, कारण विमानाची भिंत फुगण्यासाठी बांधलेली असते, चेपण्यासाठी नाही.

एवढी काळजी घेऊनही माणसाचा हात मध्ये येतोच. 14 ऑगस्ट 2005 रोजी हेलिऑस एअरवेजचं बोईंग 737 सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालं. मागच्या एका दारातून हवा गळते का, हे आदल्या रात्री तंत्रज्ञांनी जमिनीवरच तपासलं होतं. त्यासाठी दाबनियंत्रणाचा खटका स्वयंचलितवरून हातानं चालवण्याच्या स्थितीत नेलेला होता. तो तसाच राहिला आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणीत वैमानिकांच्याही लक्षात आलं नाही. झडप थोडी उघडी राहिली होती. पॅक हवा भरत होते, ती मागून निघून जात होती.

सुमारे 12,000 फुटांवर भोंगा वाजला. हाच भोंगा जमिनीवर वेगळ्या कारणासाठी वाजतो: उड्डाणाची मांडणी चुकली आहे हे सांगायला. वैमानिकांनी त्याचा तोच अर्थ लावला. विमान चढत राहिलं आणि त्यांचा मेंदू मंदावत गेला. प्राणवायू कमी पडला की गुदमरायला होईल असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि तो तर उच्छ्वासातून बाहेर जातच असतो. माणसाला बरंच वाटत राहतं, फक्त विचार सुटत जातो. विमान 34,000 फुटांवर आपोआप उडत अथेन्सपर्यंत गेलं आणि तिथे घिरट्या घालत राहिलं. पाहायला गेलेल्या ग्रीक लढाऊ विमानांना कॅप्टनची खुर्ची रिकामी दिसली आणि सहवैमानिक निपचित पडलेला. इंधन संपल्यावर विमान ग्रामातिको गावाजवळच्या डोंगरावर आदळलं. 121 जणांचा मृत्यू झाला. पुढे अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेनं या जातीच्या विमानांत दोन इशाऱ्यांसाठी दोन वेगळे दिवे बंधनकारक केले. मला विचाराल तर दोन वेगळ्या संकटांना एकच आवाज देणं हा त्या अपघातातला सर्वांत टाळता येण्याजोगा भाग होता.

आपल्याकडची घटना 20 सप्टेंबर 2018 ची. मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या 737 विमानात इंजिनातून हवा घेणारे ब्लीडचे खटके चालूच केले गेले नव्हते. इथे झडपेचा दोष नव्हता, आत येणारी हवाच बंद होती. सुमारे तीस प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं. वैमानिक वेळीच मुंबईला परतले म्हणून सगळे वाचले.

विमान पाण्यावर उतरवावं लागलं तर मात्र नेमका हाच आउटफ्लो व्हॉल्व्ह घातक ठरू शकतो, कारण शेपटीकडचं भोक पाण्याखाली जातं. म्हणून ए320 मध्ये 'डिचिंग' नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की पोटाकडची हवेची सगळी दारं एका फटक्यात बंद होतात. 15 जानेवारी 2009 रोजी दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर ए320 विमान उतरवणाऱ्या वैमानिकांना ते दाबायला वेळच मिळाला नाही. अशा वेळी पाळायची तपासणीची यादी भरपूर उंचीवर इंजिनं बंद पडतील असं गृहीत धरून लिहिलेली होती आणि त्यांच्या हातात जेमतेम साडेतीन मिनिटं होती. आदळल्यामुळे शेपटीखालचा भाग तसाही फाटला होता, त्यामुळे बटणानं फार फरक पडला नसता. 155 पैकी 155 जण वाचले.

हवेनं आपली वेगळी वाट शोधली तर काय होतं, तेही नोंदलेलं आहे. 1980 मध्ये चायना एअरलाइन्सच्या एका जंबो जेटची शेपटी हाँगकाँगला धावपट्टीवर घासली. डागडुजी नीट झाली नाही आणि ठिगळाखाली तडा वाढत राहिला. 25 मे 2002 रोजी ते विमान तैवानच्या सामुद्रधुनीवर हवेतच तुटलं. 225 माणसं गेली. अपघाताच्या काही महिने आधी काढलेल्या फोटोंमध्ये त्या ठिगळाच्या कडेला तपकिरी डाग दिसतात. विमानात सिगारेट ओढायला परवानगी होती त्या काळात आतली धुरकट हवा तड्यातून बाहेर झिरपत असावी आणि जाताना निकोटीनचा थर ठेवत असावी.

बोईंग 787 मध्ये अभियंत्यांनी आत येणारी वाट पूर्ण बदलली. तिथे केबिनसाठी इंजिनातून हवा काढतच नाहीत. पोटाशी असलेल्या स्वतंत्र तोंडांतून बाहेरची हवा घेऊन विजेवर चालणारे कॉम्प्रेसर ती दाबतात. इंजिनातल्या सीलमधून तेल झिरपलं तर त्याचा वास केबिनमध्ये येण्याची वाट त्यामुळे बंद झाली. कार्बन फायबरची भिंत धातूसारखी थकत नाही, गंजतही नाही. म्हणून आतला दाब 6,000 फुटांच्या पातळीवर, म्हणजे कळसूबाईच्या थोडा वर ठेवता येतो आणि हवेत ओलावाही जरा जास्त राखता येतो. लंडन किंवा न्यूयॉर्कचं तिकीट काढताना विमानाचा प्रकार निवडता येत असेल, तर दहा-पंधरा तासांच्या प्रवासात हा फरक घसा आणि डोक्याला नक्की जाणवतो.