एलिमेंटल : स्थलांतराचे सामाजिक व सांस्कृतिक पैलू

‘एलिमेंटल’ हा पिक्सार स्टुडिओचा २०२३ मधील अ‍ॅनिमेशनपट. दिग्दर्शक पीटर सोन यांचे आईवडील कोरियाहून न्यूयॉर्कला आले आणि ब्राँक्समध्ये त्यांनी किराणा दुकान चालवले. चित्रपटाचा गाभा तिथलाच आहे. पंचमहाभूतांपैकी आकाश वगळून उरलेली चारही एलिमेंट सिटीत माणसांसारखी नांदतात, आणि त्यांत अग्नी सर्वांत शेवटी आलेला.

वादळात सर्वस्व गेलेले बर्नी आणि सिंडर हे अग्निदांपत्य बोटीने शहरात उतरते. नोंदणीच्या खिडकीवरल्या अधिकाऱ्याला त्यांची नावे लिहायला जमत नाहीत, म्हणून तो परस्पर नवी ठेवतो. जागा द्यायला कोणी राजी नसते. शेवटी एक पडके घर मिळते, त्याचे दुकान होते आणि भोवती अग्नींची वस्ती उभी राहते. पुढे हे दुकान मुलगी एम्बरने चालवायचे, असे घरात धरूनच चाललेले असते. तिचे मन मात्र काचकामात आणि पाणी जमातीच्या वेडमध्ये गुंतते.

प्रेमकथा बेतीव आहे. चित्रपटाचे खरे बळ शहराच्या बांधणीत आहे. पाणी आधी आले, म्हणून कालवे त्याच्या सोयीचे आणि डोक्यावरून पाणी सांडत जाणारी रेल्वेही त्याचीच. कोणी मुद्दाम छळत नाही, तरी एम्बरला अंग चोरूनच फिरावे लागते. वेडच्या घरी त्याचा काका ‘किती स्वच्छ बोलतेस’ असे तिचे कौतुक करतो. ती याच शहरात वाढलेली आहे हे त्याच्या गावीही नसते.

मायदेश सोडताना बर्नी वडिलांपुढे जमिनीपर्यंत वाकतो. वडील उलट वाकत नाहीत, आणि तो सल त्याला जन्मभर पुरतो. आपल्याकडे धाकट्याने वाकायचे आणि थोरल्याने आशीर्वाद द्यायचा, एवढ्यावर भागते. इथे थोरल्यानेही वाकल्याशिवाय निरोप पुरा होत नाही. शेवटी एम्बर काचकाम शिकायला परगावी निघते तेव्हा बर्नी वाकतो.

बडोद्यातल्या मराठी प्रेक्षकाला स्वतःला अग्नीच्या जागी पाहण्याचा मोह होईल. तो अर्धाच खरा आहे. मराठी माणसे इथे अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि पुढे दरबारच्या नोकऱ्यांवर आली. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची मराठी बिऱ्हाडे सत्तेच्या सावलीत वसली. पडके घर शोधत हिंडण्याची वेळ त्यांच्यावर सहसा आली नाही. नाव बदलण्याचीच गोष्ट घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक आला आणि सयाजीराव झाला, पण ते गादीवर बसण्यासाठी. बर्नीचे नाव खिडकीवरच्या घाईत गेले. त्यामुळे या शहरात मराठी माणसाचे नाते पाण्याशीही लागते. हे ऐकायला कुणाला फारसे आवडणार नाही. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये बडोदे गुजरातेत आले. तेव्हापासून घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती हा बेत पक्का झाला. आता कॅनडा-अमेरिकेचा व्हिसा काढणारी मुले ज्या घरांतून निघतात, तिथे मात्र बर्नी चपखल बसतो.

खाण्याच्या बाबतीत बडोदे बर्नीपेक्षा सैल आहे. वेड जळते कोळसे पाणी घालून सौम्य करतो, तर बर्नी भडकतो. इथे सुक्या वाटाण्यांच्या उसळीवर मूठभर गुजराती शेव पडते, जोडीला तिखट तरी आणि पाव असतो, आणि त्यावरून कोणाचा धर्म बुडत नाही.

चित्रपटावरचा मुख्य आक्षेप रूपकाबद्दल आहे. अग्नी खरोखरच झाडे जाळतो आणि पाणी खरोखरच अग्नी विझवते. म्हणजे एकमेकांची भीती निराधार ठरत नाही, उलट तिला निसर्गाचाच आधार मिळतो. माणसांतल्या पूर्वग्रहाला असा आधार नसतो. पटकथा हे कोडे सोडवत नाही, दोघांचा स्पर्श होताच ते बाजूला सारते. अमेरिकेत पहिल्या आठवडाअखेरीस जेमतेम ३ कोटी डॉलर मिळवलेल्या या चित्रपटाची जगभरची कमाई पुढे ५० कोटींच्या जवळ पोहोचली. दक्षिण कोरियात तर तो विशेष चालला.