समूहदावा (बाहेर पडण्याची मुभा असलेला)

सारखेच नुकसान झालेल्या सर्वांच्या वतीने एकाने किंवा काहींनी लावलेला दावा. कायद्याच्या इंग्रजी परिभाषेतून आलेले ‘ऑप्ट-आउट क्लास अ‍ॅक्शन’ हे नावही रूढ आहे. यात गटात येण्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही. ज्याला नको, त्याने मुदतीत तसे कळवायचे. गप्प राहिलेला आत धरला जातो आणि निकाल त्यालाही बांधतो.

व्यापाराची खरी जोखीम या गप्प राहण्यातच आहे. समजा, चोपडा-यावल पट्ट्यात कपाशीच्या एका लॉटचे बियाणे उगवलेच नाही. दुबार लागवड अंगावर आलेला शेतकरी ऐन हंगामात जळगावच्या ग्राहक आयोगात खेपा घालत नाही. एरवी त्याचे मौन कंपनीला वाचवते. समूहदाव्यात मात्र तेच मौन तिच्या विरोधात मोजले जाते आणि विकलेल्या पाकिटांचा आकडा हेच देण्याचे माप ठरते. शिवाय दाव्याची जाहीर सूचना निघाली की निकालाआधीच गिऱ्हाईक बिचकते, म्हणून तडजोडीचा दबाव वाढतो. एक गोष्ट कंपनीच्याही सोयीची आहे: तडजोड झाली की बाहेर न पडलेल्या सगळ्यांचा प्रश्न एकदाच मिटतो.

अमेरिकेत ही रीत 1966 च्या नियमदुरुस्तीने पक्की झाली. ब्रिटनने स्पर्धा कायद्याच्या दाव्यांसाठी ती 2015 मध्ये आणली. तिथल्या मास्टरकार्ड या कार्ड कंपनीविरुद्धच्या दाव्यात सुमारे 4.6 कोटी ग्राहक धरले होते. मागणी 14 अब्ज पौंडांची होती, 2025 मध्ये 20 कोटी पौंडांच्या तडजोडीला मंजुरी मिळाली.

भारतात हुबेहूब अशी तरतूद नाही. जवळची वाट ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 35(1)(क) मध्ये आहे: आयोगाच्या परवानगीने समान हितसंबंध असलेल्या सर्व ग्राहकांसाठी तक्रार करता येते आणि तिला दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 1, नियम 8, म्हणजे अनेकांच्या वतीने लावलेल्या प्रातिनिधिक दाव्याचा नियम, लागू होतो. बियाणे घेणारा शेतकरी ‘ग्राहक’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच स्पष्ट केले. पण नुसते अनेकांनी मिळून अर्ज केल्याने तक्रार प्रातिनिधिक होत नाही. हित समान असल्याचे अर्जातच मांडावे लागते, असे त्याच न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले. सर्वांना सूचना देण्याचा खर्चही तक्रारदाराचाच. पक्के बिल आणि लॉट नंबर जपून ठेवलेल्या शेतकऱ्यालाही हा खर्च जड जातो.