गुंतागुंतीच्या सांध्यांचे वायरिंग (मॉडेल रेल्वे)

मॉडेल रेल्वेत इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. दोन रूळ म्हणजे दोन ध्रुव. सांधा म्हणजे जिथे मार्गाला फाटा फुटतो ती जागा; तिथले सरकणारे टोकदार रूळ (जिभा) गाडीची वाट ठरवतात. सांध्यात एका वाटेचा उजवा रूळ दुसरीच्या डाव्या रुळाला छेदतो. ज्या टोकदार तुकड्यावर ते छेदतात तो फ्रॉग. गाडी ज्या वाटेने जाणार, त्या वाटेच्या रुळाचा ध्रुव फ्रॉगला द्यावा लागतो. साध्या सांध्यात फ्रॉग एकच असल्यामुळे काम सोपे असते. तिहेरी सांधा (एका मार्गाच्या तीन वाटा), डबल स्लिप (दोन मार्ग तिरपे छेदतात आणि छेदातच एकावरून दुसऱ्यावर जाता येते) किंवा कात्री-सांधा (दोन समांतर मार्ग जोडणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरप्या वाटा) आला की कोणता फ्रॉग जिभा फिरवणाऱ्या कोणत्या मोटरच्या स्विचवर घ्यायचा हाच खरा प्रश्न होतो. प्लास्टिकचा मृत (वीज नसलेला) फ्रॉग बसवून तो टाळता येतो, पण लहान इंजिने तिथे थबकतात.

गोव्यात हौशी लोकांना १८८८ साली पूर्ण झालेला मुरगाव–कॅसलरॉक मीटरगेज मार्ग आणि कोकण रेल्वे हे दोन्ही विषय खुणावतात. मीटरगेजला एचओ प्रमाणात (१:८७) १२ मिमी रुळांतर लागते. ब्रॉडगेज हिशेबाने १९.३ मिमी येते, तरी ती बहुधा बाजारात मिळणाऱ्या १६.५ मिमी रुळांवरच चालवतात. घरातल्या फळीवर बंदराचे यार्ड बसवायचे तर लांबी वाचवणारी डबल स्लिप मोहात पाडते.

डबल स्लिपला चार वाटा आणि दोन मोटरी असतात. डाव्या टोकाचा फ्रॉग डाव्या मोटरवर जोडणे ही सर्वांत नेहमीची चूक. डाव्या टोकाच्या जिभा गाडी उजवीकडच्या दोन मार्गांपैकी कुठे जाणार ते ठरवतात, तर डावीकडचा कोणता मार्ग वापरात आहे ते उजव्या जिभांवरून ठरते. म्हणून डावा फ्रॉग उजव्या मोटरवर आणि उजवा डाव्या मोटरवर. उलट जोडले तर चारपैकी काही वाटांवर गाडी नीट जाते आणि बाकीच्यांवर शॉर्ट होतो. त्यामुळे दोष चाकांत आहे असे वाटून तासन्तास वाया जातात. मधल्या छेदांशी वेगळाच त्रास होतो: रुंद चाक विरुद्ध ध्रुवांचे दोन रूळ एकाच वेळी टेकवते. तिथल्या रुळाच्या माथ्यावर दोन-तीन मिमी नेलपॉलिश लावले की बहुतेक वेळा भागते. ते झिजते, पुन्हा लावावे.

तिहेरी सांध्यात तीन फ्रॉग. डाव्या बाजूचा डाव्या मोटरवर, उजव्या बाजूचा उजव्या मोटरवर. मधल्या फ्रॉगला सरळ वाटेची गाडी शिवतच नाही, म्हणून तो कोणत्याही एका मोटरच्या दुसऱ्या स्विचवर चालतो. दोन्ही जिभा एकदम बाहेर वळवायच्या नाहीत. ती स्थिती पॅनेलवरच अशक्य करून ठेवावी. कात्री-सांध्यातही तेच: दोन तिरप्या वाटा एकाच वेळी लागू नयेत.

दुहेरी कॉइलची मोटर जिभा झटक्यात फिरवते, पण बटण अडकले तर कॉइल जळते. त्यासाठी २२०० ते ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असलेले डिस्चार्ज युनिट मध्ये टाकतात. टॉर्टॉइज नावाच्या मोटरीसारखी संथ मोटर १२ व्होल्ट डीसीवर चालते, टोकाला थांबल्यावर जेमतेम १५ मिलिअँपिअर घेते आणि तिच्यात दोन स्विच असतात. मुख्य तार डीसीसीला (रुळांतूनच इंजिनांना डिजिटल आज्ञा देण्याची पद्धत) किमान १.५ चौरस मिमीची, लेआउट मोठा असल्यास २.५, रुळाला डाखलेल्या बारीक तारा ३० सेंमीच्या आत. चतुर्थीच्या देखाव्याच्या दिव्यांची उरलेली तार इथे चालत नाही. ती बारीक असते, शॉर्ट झाल्यावर व्होल्टेज पाडते आणि बूस्टर (रुळांना वीज पुरवणारे डीसीसीचे यंत्र) ट्रिप होतच नाही.

तपासणी नाण्याने. प्रत्येक वाट लावून रुळांवर नाणे टेकवत जावे. बूस्टर प्रत्येक ठिकाणी ताबडतोब ट्रिप झाला पाहिजे. स्कूटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा ब्रेक-बल्ब पुरवठ्याच्या एका तारेत मालिकेत जोडला तर शॉर्ट झाल्यावर तो पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपास थांबतो. मग फ्रॉगच्या तारा एकेक काढत जायचे. ज्या तारेला बल्ब विझला, तिथेच दोष.

जिभा शेजारच्या रुळाला नुसत्या टेकून वीज घेतील यावर किनाऱ्याजवळ विसंबू नये. खारी दमट हवा संपर्क खराब करते, म्हणून जीभ आणि रूळ तारेने डाखून जोडावेत. फ्रॉग मात्र दोन्हींपासून फटीने तोडलेला हवा. लाकडी फळी पावसाळ्यात फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. जुलैत कापलेली अर्ध्या मिमीची फट जानेवारीत मिटू शकते आणि आदल्या महिन्यापर्यंत ठीक चाललेला सांधा अचानक शॉर्ट दाखवू लागतो. कापतानाच फटीत प्लास्टिकचा पातळ तुकडा सुपरग्लूने बसवावा आणि सुकल्यावर रुळाच्या आकाराला घासून घ्यावा.